टेबलाखालची मोकळी खाच

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब केले की अंगठ्याला जो जड काळा डबा लागतो ना, तो मी. मला यूपीएस म्हणतात. वीज गेली की पोटातल्या बॅटरीवर यंत्रं चालू ठेवायची, एवढंच माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर तुकतुकी होती. आता एक बटण आत गेलंय आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे.

माझ्या शेजारी सर्व्हर राहतो. सर्व्हर म्हणजे या घरातल्या वहिनींचा जुना संगणक. त्यांनी स्वतःच्या आवाजात वाचलेली पुस्तकं त्यात साठवली आहेत. हे सगळं वहिनी भाजी निवडता निवडता, चुकत-माकत आपलं आपण शिकल्या, आणि तेही सासूबाईंच्या धाकट्या बहिणीसाठी. त्या मावशी दुसऱ्या गावात राहतात आणि त्यांची दृष्टी गेली आहे. दुपारी दोनला त्यांना सांभाळणारी बाई घरी जाते. मग घरात त्या एकट्या आणि सर्व्हरवरून त्यांच्या फोनमध्ये येणारा वहिनींचा आवाज.

पण नेमकी दोनलाच आमच्याकडची वीज जायची, ती सव्वा तास. माझा दम बारा मिनिटांत संपे आणि गोष्टीतला नावाडी रोज नदीच्या मध्यातच राही. मावशी आधी फोनवर हसून विचारायच्या, बुडाला की काय गं तो? एके दिवशी मात्र म्हणाल्या, "राहू दे आता. माझ्यासाठी किती आटापिटा करशील?"

वहिनींचे यजमान म्हणाले, मोठा डबा आणू. म्हणजे माझी रवानगी भंगारात. वहिनी म्हणाल्या, "पोट मोठं करण्याआधी भूक किती ते तर बघू."

वीज मोजायचं छोटं यंत्र सर्व्हरच्या वायरला लावून त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. ब्याण्णव वॅट! मग गेम खेळण्यासाठी कधीकाळी बसवलेलं कार्ड त्यांनी काढलं. उगाच फिरणाऱ्या दोन डिस्क झोपवल्या, प्रोसेसरला जरा दमानं घ्यायला लावलं. आकडा एकतीसवर आला. हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि विसाव्या मिनिटाला मी पुन्हा मान टाकली. फार लाज वाटली, मित्रांनो. पण वहिनींनी मला बोल लावला नाही. टॉर्च घेऊन त्या टेबलाखाली आडव्या झाल्या, माझ्या पाठीमागे हात घातला आणि प्लग लावायच्या खाचेतली एक पांढरी वायर ओढली. ती निघाली थेट सासूबाईंच्या पलंगापर्यंत. टोकाला गुडघे शेकायची विजेची पिशवी.

"ती खाच मोकळीच होती गं," सासूबाई म्हणाल्या. "आणि वीज गेली तरी पिशवी गरम राहायची. म्हटलं, काय गुणाचा डबा आहे."

"आई, तुमचे गुडघे तुमच्या बहिणीची गोष्ट खातायत."

मग सासूबाईंनीच वायर गुंडाळली आणि कपाटातून गरम पाण्याची रबरी पिशवी काढायला सांगितली.

पुढच्या दिवशी दुपारी वीज परत आली, तेव्हा माझ्यात अजून दोन घोट शिल्लक होते. मावशींचा फोन आला. "पोचला गं काठाला," एवढंच म्हणाल्या, आणि उद्या काय वाचणार ते विचारलं.

मित्रांनो, घरातला एखादा जुना डबा लवकर दमू लागला, तर टाकून देण्याआधी एकदा वाकून त्याच्या पाठीमागे हात घाला. कुणाचं ओझं तो मुकाट्यानं वाहतोय, ते बघा.

माझ्या मोकळ्या खाचेवर आता कागद चिकटवला आहे. अक्षर सासूबाईंचं: 'ही जागा माझ्या बहिणीची.'