सरकवलेलं बटण

"ताई, तुझ्या बाबांनी वर्षात दोनदा कॉलरचं बटण सरकवलंय. जरा बघ गं," बाबांच्या शिवणकामाच्या दुकानात काज-बटण करणाऱ्या मावशींनी त्यांच्या लेकीला सांगितलं होतं. बाळाला थोपटत ती हसली होती, "गोड कमी खा म्हणावं!" बाळ शिंकलं तरी थर्मामीटर शोधणारी ही आई. पण तिचा बाप शिंपी. त्याने स्वतःची कॉलर सैल केली, यात तिला काहीच वावगं वाटलं नाही.

आज डॉक्टरांनी बाबांच्या मानेतल्या गाठी चाचपल्या आणि रिपोर्ट उघडला. रक्ताचा कॅन्सर होता, सावकाश वाढणारा. पण त्या पेशींत सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडाच गळाला होता. "त्यामुळे नेहमीची केमो इथे चालणार नाही. गोळ्या आहेत, पण त्या किती दिवस रोखतील, ते सांगता येत नाही."

"तुकडाच गेलाय ना?" बाबा म्हणाले. "मग ठिगळ लावा की, साहेब. आम्ही जन्मभर तेच केलं."

"तिथे सुई पोचत नाही, काका."

"आणि बाळाला...?" तिने विचारलं.

"नाही. हा बिघाड जन्मानंतर कधीतरी झालेला आहे, वारशाने जाणारा नाही."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याची तिला लाज वाटली. बाबांच्या कॉलरवर बटणाच्या जुन्या जागांची भोकं स्पष्ट दिसत होती. इतके दिवस ती कॉलर तिच्या डोळ्यांसमोरच होती.

तुमच्याही घरी कोणी मुकाट्याने कॉलर सैल करत असेल. आज त्यांच्या मानेवरून एकदा हात फिरवून बघाल का?