तिसऱ्या हाताखालची नावं

"कानिफनाथ, अजून दिसतंय बग."

"वाळू तर दे, मावशी. वल्या रंगात दिसनारच."

गोजरबाईला तेवढा धीर असता तर आणखी काय पाहिजे होतं? सकाळपासून तिनं बूड टेकलं नव्हतं. ओट्यावर जायची, भिंत बघायची, आत येऊन गॅस बारीक करायची आणि पुन्हा ओट्यावर. रंगारी कानिफनाथनं भिंतीवर डिस्टेंपरचा तिसरा हात मारला होता, आणि दाराशेजारची लाल अक्षरं बेशरमपणे पुन्हा वर आली होती : चि. सौ. कां. ज्ञानेश्वरी आणि चि. हर्षल यांचा शुभविवाह.

बेलापूरच्या बाजूला पोपडे सुटले म्हणून कुणी घर रंगवत नाही. लग्न निघालं की रंगवायचं, दाराशेजारी गणपती काढून नवरानवरीची नावं लिहायची, आणि पुढचं लग्न निघेपर्यंत भिंतीकडे ढुंकून बघायचं नाही. सहा वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीच्या लग्नात तसंच झालं. फक्त गोजरबाईनं एक हट्ट केला. पावसानं नावं जायला नकोत म्हणून तिनं ती ऑइलपेंटनं लिहून घेतली. नावं टिकली. संसार तीन वर्षांत आटोपला. पोरगी सोडचिठ्ठी घेऊन माघारी आली आणि गावातल्याच एका दवाखान्यात कामाला लागली.

आता धाकट्या ओमचं लग्न जमत आलं होतं. कोपरगावकडची माणसं उद्या सकाळी घर बघायला येणार होती. थोरली लेक 'दिलेली हाय' एवढंच गोजरबाईनं त्यांच्या कानावर घातलं होतं. भिंतीवर नावं दिसली की जावयाची चौकशी निघणार, म्हणून ती आजच्या आज झाकायची होती, आणि लेकीला पाचच्या गाडीनं राहुरीला मावशीकडे धाडायचं होतं.

"हितं बाज उभी केली तर?" तिनं विचारलं. "न्हाई तर मोठं कॅलेंडर?"

"एवढं मोठं कॅलेंडर न्हाई निगत, मावशी. खरवडावंच लागंल. मग खड्डे लप्पीनं बुजवायचे, मग रंग." कानिफनाथनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "तूच म्हनली हुतीस, धा वरसं जाऊ नये आसं लिव."

हे तिला झोंबलं. तिनं तरातरा आत जाऊन खुरपं आणलं आणि स्वतःच भिंत खरवडायला लागली. हर्षल पटकन निघाला. त्याचा रफार उडवताना तिला बरंही वाटलं. मग खुरपं ज्ञानेश्वरीपाशी आलं आणि हात थांबला.

"थांबलीस का, आई? काढ की."

ज्ञानेश्वरी दारात उभी होती.

"तुझं नाव हाय गं."

"मग काय झालं? भिंतीवरचं जाऊ दे. मी न्हाई जानार. राहुरीला बी न्हाई. उद्या पोहे मीच देनार त्यांना."

"आन सोयरीक मोडली म्हंजे?"

"मोडंल." ज्ञानेश्वरीचा आवाज चढला नाही. "पर उद्या धाडशील, मग दिवाळीला कुठं धाडनार? घरात सून आनशील, आन मी तिच्यापासनं लपून राहू का?"

गोजरबाईला संताप आला. लेकीचा, त्या हर्षलचा, भिंतीचा. एवढे सगळे पुरेनात तेव्हा स्वतःचा आला. तीन वर्षं ती शेजारणींना लेकीच्या पगाराचं कौतुक सांगत होती, आणि मनात तिला त्याच लेकीची लाज वाटत होती. हे आज तिला पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

तिनं उरलेलं नाव खरवडून काढलं. घाईनं नाही, एकेक अक्षर. मग खुरपं ओट्यावर टाकलं.

"भर रे लप्पी," ती कानिफनाथला म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "त्या पावन्यांना फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. त्यांची गाडी निगायच्या आदी."

ज्ञानेश्वरीनं फोन लावून दिला. गोजरबाईनं रंगाच्या भुकटीनं माखलेले हात पदराला पुसले आणि तो कानाला धरला.

"कोन, ओमची आई का?" पलीकडून आवाज आला.

"व्हय. ज्ञानेश्वरीची बी," गोजरबाई म्हणाली. "तिचं तुमाला सांगायचं राह्यलं हुतं. तिची सोडचिट्टी झालीय. तीन वरसं झाली, ती हितंच असती. उद्या तुमी आलात तर तीच तुमाला पोहे देनार. आता यायचं का न्हाई, ते तुमी ठरवा."

 गोजरबाई जागची हलली नाही. फोन कानाशी धरून ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.