खंडेनवमीचा रंग

चौघे मिळून व्हॅन ढकलत होते आणि तारा आत बसून होती.

ती उतरली असती तर तेवढंच ओझं कमी झालं असतं, हे तिला कळत होतं. पण पाण्याच्या नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्यांची पेटी तिच्या मांडीवर होती. शिवाय सदर भागातल्या रस्त्यावर सकाळच्या थंडीत चार पुरुष एका डिझेल गाडीला खांदा देत धापा टाकताहेत, हे दृश्य बघायला तिला बरं वाटत होतं.

"अजून जोर लावा नं गा!" चंद्रभान ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"जोर कायचा लावा म्हणता, चहा तरी पाजला का?" चौकीदार गोविंदा मागून म्हणाला.

इंजिनानं एक ढेकर दिली आणि ते मेलं.

प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात अधीक्षक वामनराव मफलर गुंडाळून उभे होते. इतिहासात बी.ए. झालेला हा माणूस यंत्रं, आजार आणि पाऊसपाणी या तिन्हींचं निदान सारख्याच खात्रीनं करत असे. गाडी पुन्हा आवारात ढकलून आणल्यावर ते पायऱ्या उतरून खाली आले.

"बस झालं. उद्या पोलिसांत तक्रार जाणार," ते म्हणाले. "पावसाळ्यात नवी बॅटरी घेतली होती. ती यानं विकली आणि भंगारातली आणून बसवली. ताराबाई, तुम्ही एम.एस्सी. आहात. बॅटरी जुनी आहे असं तेवढं लिहून द्या."

"तपासून लिहीन," तारा म्हणाली.

"तपासा हो! पण डोळ्यांना दिसतंय ना? बॅटरीवरचा तारखेचा आकडा काळ्या रंगानं बुजवलाय. चोराच्या मनात चांदणं!"

"नाही जी साहेब," चंद्रभान पुढे आला. त्याचे हात आपोआप जोडले गेले होते. "तेच बॅटरी आहे. लेकराची आण. खंडेनवमीले मी सारी गाडी..."

"तुम्ही गप्प बसा," तारा म्हणाली. "मला मोजू द्या."

वामनरावांइतकाच चंद्रभानही तिला नकोसा व्हायचा. आरशाला लिंबूमिरची, स्टिअरिंगला नमस्कार, आणि गाडी सुरू झाली नाही की बॉनेटवरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात. आणि ती गाडीत चढताना रोज न चुकता तेच एक वाक्य, "पायरीले जपा बाई, ढिली आहे." सहा वर्षं ती त्याच पायरीवर पाय ठेवत होती. तेवढ्या काळात माणसानं एक पाना आणून ती पायरी घट्ट केली असती. पण नाही. यंत्राची काळजी म्हणजे यंत्राबद्दल बोलणं, अशी या लोकांची समजूत.

तिनं आतून व्होल्टमीटर आणि हायड्रोमीटर आणला. टंकलेखिका गोपिका खिडकीत येऊन उभी राहिली, दोन शिपाई चहाचे पेले घेऊन आले. तमाशाला गर्दी व्हायला या कचेरीत वेळ लागत नसे.

बॅटरीची बुचं उघडून तिनं एकेका घरातलं आम्ल नळीत ओढून पाहिलं. सगळ्या घरांत तरंगणारी काडी एकाच रेघेवर थांबली. बॅटरी भरलेली होती, आणि धडधाकट.

"सेल्फ मारा."

चंद्रभाननं किल्ली फिरवली. इंजिन झोपेतून कूस बदलावी तसं सावकाश अर्धं फिरलं. ताराची नजर मीटरच्या काट्यावर होती. बॅटरीच्या टोकांवर अकराच्या वर व्होल्ट होते. सेल्फच्या मोटरशी तिनं मोजले तेव्हा आठसुद्धा भरेनात.

म्हणजे तीनेक व्होल्ट वाटेतच कुणीतरी खात होतं.

"काय झालं?" वामनरावांनी विचारलं.

ती डॅशबोर्डकडे वळली. इंजिन लागण्याआधी आतली हवा तापवणारे हीटरही नीट तापत नव्हते. डॅशबोर्डवरची तार लाल व्हायची ती नुसती तांबूस होऊन राहत होती. हीटर मंद, सेल्फही मंद. दोन वेगळी दुखणी एकदम होत नाहीत. हीटरची वाट वेगळी, सेल्फची वेगळी, पण दोघांचीही वीज परत जाते ती इंजिनाच्या अंगातून चेसीत आणि चेसीतून बॅटरीत. तिनं मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी थेट इंजिनाला टेकवली.

"मारा."

काट्यानं तीनचा आकडा ओलांडला. जिथे शून्याच्या आसपास यायला हवं होतं, तिथे तीन. हरवलेले व्होल्ट सापडले.

भांडारातून जाड केबलचा तुकडा मागवून तिनं त्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॅटरीला पकडून धरलं. या वेळी किल्ली फिरवली मात्र, इंजिन एका दमात गरजून उठलं. शिपाई दचकले, एकाच्या पेल्यातला चहा सांडला.

"अरे वा!" गोपिका खिडकीतून म्हणाली.

"म्हणजे बॅटरी..." वामनरावांनी सुरुवात केली.

"बॅटरी उत्तम आहे. इंजिन बंद करा. पाना द्या."

इंजिन आणि चेसी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी होती. तिला सगळे अर्थची पट्टी म्हणत. तिचा बोल्ट चांगला आवळलेला होता. बोल्ट काढून तारानं पट्टी वर उचलली. खाली चेसीचं लोखंड दिसायला हवं होतं, त्या जागी गुळगुळीत, नीटस, दोन हात दिलेला चंदेरी रंग चमकत होता.

"हा कुणी लावला?"

"म्या," चंद्रभान म्हणाला. "खंडेनवमीले. गाडीची पूजा असते नं बाई. पट्टी काढून खालूनही लावला, गंज नको धरायले म्हून. तवापासूनच गाडी..."

"तेव्हापासूनच. अर्थात." तिनं पान्याच्या टोकानं रंग खरवडला. पापुद्रा निघाला, खाली लोखंड उघडं झालं. "रंगातून वीज जात नाही. तुम्ही इंजिनाची परतीची वाटच लिंपून टाकलीत. आणि बॅटरीही त्याच उत्साहात रंगवली असेल."

"हो जी. काळ्या रंगानं."

वामनरावांचा चेहरा पडला होता, पण एवढ्यानं हार मानतील ते वामनराव कसले.

"हे झालं गाडीचं. आकडा का बुजवला? रंगाचं निमित्त करून बॅटरी बदलली असेल. मला शिकवू नका, ताराबाई, ही माणसं पक्की असतात. तक्रार जाणार म्हणजे जाणार."

ताराला जेवायच्या आत सावनेरला पोचायचं होतं. तिनं फडक्यानं बोटं पुसली.

"वामनराव, बॅटरी बदलायची तर चांगली कुठली आणि वाईट कुठली हे कळावं लागतं. ज्याला आपण पट्टीखाली काय केलं हे तीन महिने कळलं नाही, तो कसली चोरी करतो? चोरीला अक्कल लागते."

आधी गोविंदा हसला, मग शिपाई, मग खिडकीत गोपिका. शेवटी वामनरावांनाही हसू आवरेना. हसू आल्यावर त्यांचा राग ओसरला, आणि आपण उदार झालो असं त्यांना वाटू लागलं.

"ऐकलंस का रे? अक्कल नाही म्हणून वाचलास. कबूल?"

चंद्रभान चेसीवर उघड्या पडलेल्या लोखंडाकडे बघत होता. कानाची पाळी चोळत तो म्हणाला, "कबूल आहे साहेब. अक्कल नाही मले."

तारानं पट्टी घट्ट आवळली. उदाहरण सुटलं होतं आणि एककंही बरोबर आली होती. माणसाची नोकरीही वाचली. आभार मानावेत अशी तिची अपेक्षा नव्हती. मानले असते तर तिला कंटाळाच आला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी एका हाकेत सुरू झाली. तारा बाहेर आली तेव्हा शिपाई मागून म्हणत होता, "काय गा चंद्रभान, आज काय रंगवलं? टायर का?"

"टायर नाही, डिझेल रंगवते तो," गोविंदा म्हणाला. फाटकाबाहेरचा चहावालाही हसला. म्हणजे गोष्ट फाटकापलीकडे गेली होती.

वामनरावांनी व्हरांड्यातून हाक दिली. "ताराबाई, तेवढा बॅटरीचा आकडा मोकळा करून द्या. कागदोपत्री बरं असतं."

तिनं प्रयोगशाळेतून ॲसिटोनची बाटली आणि कापसाचा बोळा आणला. चंद्रभाननं बॉनेटचं झाकण वर धरलं. बोळा दोनदा फिरवताच काळा रंग कापसावर उतरला आणि खालचे आकडे ठसठशीत वर आले. पावसाळ्यातलीच तारीख होती. वामनरावांनी वाकून पाहिलं, "हं," म्हणाले, आणि आत गेले.

चंद्रभाननं झाकण सोडलं नाही.

"हे काल नसतं निघालं का, बाई?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या यंत्राबद्दल विचारावं, तसं त्यानं विचारलं होतं.

तारानं बाटलीचं बूच लावलं. ते नीट बसलं आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं.

"निघालं असतं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, झाकण लावलं आणि जाऊन तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती पेटी घेऊन दाराशी आली. पाय उचलला आणि रोजच्या वाक्यासाठी थांबली. चंद्रभान फाटकाकडे बघत उभा होता.

थोडा वेळ तिचा पाय तसाच राहिला. मग तिनं तो सावकाश पायरीवर टेकवला. पायरी हलली. केवढी हलते, हे तिला पहिल्यांदाच कळलं.