ओडुमचा पांढरा पोशाख

"हे झाड कुणाचं?" हातात लाल रंगाचा डबा घेतलेल्या माणसानं विचारलं.

"माझं," अद्वोआ म्हणाली.

"चूक. सरकारचं." आणि त्यानं ओडुमच्या बुंध्यावर ताटाएवढा तोडणीचा आकडा रंगवला. सत्तेचाळीस.

"मग एकतीस वर्षं याच्या बुडातलं गवत काढायला सरकार का नाही आलं रे? मी वाट बघत होते."

माणसाचं नाव आनिंग. लाकडाच्या ठेकेदाराचा मुकादम. पदवी घेतलेला, पायात चकचकीत बूट. तो हसला. "मामे, आपोआप उगवलेलं इमारती झाड सरकारचं. तुमचा कोको तेवढा तुमचा."

"आणि झाड माझ्या कोकोवर पडलं की?"

"ते शुक्रवारी बघू. शुक्रवारी करवत घेऊन येतोय."

कायदा खरंच असा आहे. उन्हातान्हात झाड जपायचं अद्वोआनं, आणि मालक राजधानीत पंख्याखाली बसलेला, ज्यानं ओडुमचं पान कधी हातात धरलेलं नाही. असला कायदा लिहिणाऱ्याला एकदा तरी कोकोच्या मळ्यात कोयता देऊन वाकवायला हवं.

ओडुमखाली चाळीस कोकोची झाडं होती. खोडांना फळं लगडलेली, पिवळी पडायला लागलेली. काढणीला तीन आठवडे बाकी. मागच्या वर्षी गावातल्याच ओपोकूच्या मळ्यात असंच एक झाड पाडलं, वर ट्रॅक्टर फिरवला आणि भरपाई म्हणून गरम लिंबूसोड्याची एक पेटी दिली. तेव्हापासून गावातले शहाणे मळ्यातल्या मोठ्या झाडांच्या बुडाशी गुपचूप जाळ घालून ती आधीच मारून टाकतात. अद्वोआला ते जमण्यासारखं नव्हतं. हर्मटानचा कोरडा वारा सुटला की तिचा कोको त्याच सावलीत जीव धरून राहायचा.

गुरुवारी ती शेजारच्या आकुआकडे गेली. आकुआच्या कोंबड्या गावात सगळ्यात उद्धट.

"अंडी दे तीन."

"पाहुणे आलेत?"

"झाडाला हवीत."

आकुआनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग न बोलता पाच अंडी दिली, वर मूठभर पिसं. "कमी पडायला नको," ती म्हणाली.

आता पांढरं कापड. झाडाला पांढरं कापड गुंडाळलेलं दिसलं की त्यात कुणीतरी राहतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण अद्वोआच्या घरात पांढरं कापड एकच होतं: चर्चच्या महिला मंडळाचा लेसचा पोशाख. एकोणीस वर्षं त्याच रंगात पहिल्या बाकावर उभी राहून, पहिली ओळ म्हणून ती गाणं उचलत आली होती. तिनं घागऱ्याची शिवण उसवली. चार वार निघालं.

शुक्रवारी सकाळी आनिंग चार माणसं घेऊन आला आणि जागच्या जागी थबकला. ओडुमच्या कमरेला लेस. खाली फुटलेली अंडी, पामतेलाचे लाल ओघळ, पिसं. शेजारी कोयता टेकवून अद्वोआ दगडावर बसलेली, चेहरा असा की सख्खी आई गेलीय.

करवतवाल्यानं करवत खाली ठेवली. "मी नाही."

"अरे, कापड आहे ते! साधं कापड!" आनिंग ओरडला.

"मग साहेब, तुम्ही काढा."

आनिंगनं हात पुढे केला. तो हात वाटेतच डोकं खाजवायला वळला.

"कापा हो, कापा," अद्वोआ मऊ आवाजात म्हणाली. "मी कोण अडवणार? झाड सरकारचं. फक्त तुमच्या गावांची नावं सांगून ठेवा, म्हणजे घरच्यांना निरोप धाडायला बरं."

"माझं लग्न ठरलंय," करवतवाला म्हणाला आणि चालू लागला. बाकीचे तिघे त्याच्या मागोमाग. आनिंगनं लांबूनच फांदीला बांधलेल्या कुंचल्यानं सत्तेचाळीसवर काट मारली. पदवी कुठल्या कुठे गेली.

आकुआ झुडपामागे तोंडात पदर कोंबून हसत होती. दोघी दुपारपर्यंत हसल्या.

पण ती लेस महिला मंडळानं एकाच ताग्यातून घेतली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत ताग्याची ओळख पटली आणि पाद्र्यांनी अद्वोआला बोलावून घेतलं.

"मामे, झाडाची पूजा केलीस?"

अद्वोआ नखाखालचं पामतेल खरवडत राहिली.

"की ही मुकादमाला घाबरवायची युक्ती? तसं असेल तर उद्या सगळ्यांसमोर उभं राहून सांग. मी लगेच सोडतो तुला."

अद्वोआनं विचार केला. आनिंगची मावसबहीण चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची. प्रार्थना संपायच्या आत निरोप पोचला असता, आणि सोमवारी करवत परत.

"बाबा, आनिंगनं उद्या तुम्हाला विचारलं, तर तुम्ही खोटं बोलाल?"

"मी? कधीच नाही."

"मग मला विचारू नका."

पाद्र्यांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या मिशा हलत होत्या. पाद्र्याचाही भाऊ कोकोवरच जगतो.

"एक वर्ष," शेवटी ते म्हणाले. "प्रभुभोजनाचा प्रसाद नाही, गाणं उचलणं नाही, पांढरं नेसणं नाही. शेवटच्या बाकावर बसायचं."

"पांढरं राहिलंय कुठे, बाबा," अद्वोआ म्हणाली. पण घरी जाताना ती हसली नाही.

रविवारी ती जुनं निळं नेसून दाराजवळच्या बाकावर बसली, उशिरा येणाऱ्यांच्यात आणि रडक्या पोरांच्या आयांच्यात. काहींनी नाकं मुरडली. ओपोकूनं मात्र टोपी काढून मान लववली. आकुआ पुढच्या बाकावरून पांढरी लेस सावरत उठली आणि सगळ्यांदेखत मागे आली.

"सरक."

"तुला कुणी शिक्षा केलीय?"

"पाच अंडी माझी होती."

पुढे नव्या बाईनं गाणं उचललं ते इतकं वर की बायकांना दुसऱ्या ओळीला खोकला आला. एक गेली पुढे, एक राहिली मागे. दोघी-तिघींनी माना वळवून दाराकडे पाहिलं. अद्वोआचे ओठ घट्ट मिटलेले होते. गाणं उचलायचं नव्हतं. पण पायाबद्दल पाद्री काही बोलले नव्हते. तिनं टाच सिमेंटवर आपटली. एक, दोन. आकुआनं आपटली. आयांनी आपटली, पोरं रडायची थांबली. ठेका बाकाबाकानं पुढे सरकत गेला आणि गाणं आपल्या जागी खाली उतरलं.

पाद्र्यांनी पुस्तकात डोकं घातलं.

अद्वोआनं उघड्या दारातून बाहेर पाहिलं. समोरच्या उतारावर, कोकोच्या गर्द हिरव्यातून एकटा वर आलेला ओडुम उभा होता, कमरेला लेस गुंडाळून. गाठ जरा सैल झाली होती. उद्या जाऊन आवळायला हवी.