बूट खोटं बोलला

कंपनीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या बाहेर काढल्या होत्या आणि त्यांच्या जागी माणसं दाटीवाटीने उभी होती. कोडिंगवाले, डिझाइनवाले, विक्रीवाले, एचआरच्या बाई, झाडून सगळे. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं आणि सगळ्यांची नजर मधल्या रिकाम्या खुर्चीवर. खुर्चीसमोर स्टुलावर एक काळी पेटी होती. पेटीला पुढून एक माइक, वर वाटीएवढा दिवा. माणूस खरं बोलला की दिवा हिरवा, खोटं बोलला की लाल.

"मशीनला नातं नाही! मशीनला पगार नाही! मशीनला बॉस नाही!" पेटीशेजारी उभा असलेला सत्यगुरू गरजला. काळा कोट, पांढरेशुभ्र बूट, आणि मिशी इतकी नेटकी की ती रोज अपडेट होत असावी. "माणूस खोटं बोलला की त्याच्या आवाजातले अणू उलटे फिरायला लागतात, मित्रांनो. तुमच्या-माझ्या कानाला ते कळत नाही. माझ्या अल्गोरिदमला कळतं!"

आवाजातले अणू उलटे फिरतात, हे ऐकून इंजिनिअर मंडळी गंभीरपणे माना डोलावत होती. भौतिकशास्त्राच्या पेपरासाठी यातल्या प्रत्येकाने डोळे फोडून अभ्यास केला होता. तो सगळा पेपराबरोबरच जमा झाला असावा.

गर्दीच्या मागे, खांबाला टेकून, एक बाई उभी होती. ती टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि ते परत पाठवायचं, हे तिचं काम. त्यामुळे ऑफिसात तिचं नाव 'किरकिर' पडलं होतं. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे.

गेल्या आठवड्यात याच तळघरातल्या बॅटरीच्या खोलीला आग लागली. सर्व्हर सांभाळणारा बॅकअपवाला आत धावला आणि दोन्ही हात, अर्धा चेहरा भाजून बाहेर आला. कुणाचाही कॉम्प्युटर अडला की हसत धावून येणारा माणूस तो, ऑफिसभर लाडका. तो अजून शुद्धीवर नव्हता. लोकांनी डोक्यात राख घालून घेतली होती. आग लावणारा कोण, एवढंच सगळ्यांना हवं होतं. पण मालकांना, म्हणजे साहेबांना, पोलीस नको होते. पोलीस आले की बातमी होते, बातमी झाली की गिऱ्हाईक पळतं. मग साहेबांनी हा सत्यगुरू आणला.

काल किरकिर हॉस्पिटलात बॅकअपवाल्याच्या आईजवळ बसली होती, म्हणून पहिला चमत्कार तिचा हुकला. काल पेटीने नेटवर्कवाल्याला पकडलं होतं. तो तुसडा माणूस, कुणाला आवडती साइट उघडून देत नसे, कुणाशी धड बोलत नसे. दिवा लाल झाला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. बूट, हेल्मेटं, खुर्च्या, जे हाताला लागलं ते.

"पण त्याने कबूल केलं ना!" टीमलीड सकाळी तिला सांगत होता. त्याच्या बोटांची सालटी निघाली होती. "स्वतःच्या तोंडाने म्हणाला, हो, मी लावली."

"कधी म्हणाला? जबडा मोडायच्या आधी की नंतर?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत बग काढतेस," टीमलीड म्हणाला आणि बोटांवर फुंकर घालत निघून गेला.

आज सत्यगुरूचं म्हणणं होतं की नेटवर्कवाला एकटा नव्हता, त्याला साथीदार होता. पहिला गुन्हेगार सापडला की दुसरा सापडायलाच हवा, नाहीतर सत्यगुरूचा मुक्काम लवकर संपतो.

"सुरुवात साहेबांपासून!" सत्यगुरू म्हणाला. "कायद्यापुढे सगळे समान!"

साहेब हसत हसत खुर्चीत बसले. सत्यगुरूने ओठांवर बोट ठेवलं. श्श्! सगळं तळघर चिडीचूप झालं. साहेबांसमोर तसंही कुणी खोकत नसे. सत्यगुरूने बटण दाबून पेटी सुरू केली. "आग मी लावली नाही," साहेब शांतपणे म्हणाले. दिवा हिरवा झाला. टाळ्या वाजायच्या आत सत्यगुरूने पेटी बंद करून टाकली. मग एचआरच्या बाई बसल्या. पुन्हा श्श्, पुन्हा हिरवा.

"आता तो कॅबवाला!" कुणीतरी ओरडलं. "आग लागली तेव्हा तो इथेच गाडीत झोपला होता!"

किरकिर खांब सोडून ताठ उभी राहिली. कॅबवाला म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिनेच शब्द टाकून त्याला कंपनीच्या गाडीवर लावलं होतं. तो बोलताना अडखळत असे. शब्द गळ्यात अडकला की मान ताठ होई, डोळे मिटत आणि कितीतरी वेळ आवाजच फुटत नसे. ऑफिसातल्या हुशार लोकांनी त्याचं नाव 'बफरिंग' ठेवलं होतं. लहानपणापासून त्याची अडकलेली वाक्यं तीच पुरी करत आली होती. दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे, सगळीकडे.

दोघांनी त्याला ओळखपत्राच्या पट्ट्याला धरून ओढत आणलं. पट्टा गळ्याला आवळला होता, तो खोकत होता.

"सोडा त्याला! येतोय ना तो स्वतःहून!" ती गर्दीत घुसली, पण पुढे सरकता येईना. कोपरं, बॅगा, पाठी.

"घाबरू नकोस मित्रा," सत्यगुरू गोड आवाजात म्हणाला आणि लोकांकडे वळला. या वेळी बोट ओठांवर गेलं नाही. दोन्ही हात वर गेले. "विचारा, मित्रांनो! जळालेल्या मित्रासाठी विचारा! जोरात! आग कुणी लावली?"

"आग कुणी लावली?" तळघर दणाणलं. सत्यगुरूने बटण दाबलं.

भावाने तोंड उघडलं. मान ताठ झाली, डोळे मिटले. शब्द अडकला. किरकिरचे ओठ सवयीने हलले, पण ती फार लांब होती.

"बोल रे बफरिंग!"

"नेट गेलं वाटतं!"

"बोल, साल्या!"

आणि दिवा लाल झाला.

पहिला फटका टीमलीडने मारला, हेल्मेटचा. भाऊ खुर्चीसकट आडवा झाला. मग कुणी पोटात लाथ घातली, कुणी लॅपटॉपची बॅग डोक्यात हाणली. एकाने नेटवर्कची केबल दुहेरी करून पाठीवर ओढली, सपकन. कालपर्यंत त्याच्याच गाडीतून सुखरूप घरी जाणारी माणसं होती ती. जाताना 'सावकाश चालव रे' म्हणणारी. मागच्या रांगेतले मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते. भावाने हात डोक्यावर घेतले तर कुणीतरी बोटांवर बूट ठेवून दाबला. हाड मोडल्याचा आवाज किरकिरला एवढ्या गलक्यातही ऐकू आला.

ती ओरडली. तिचं ओरडणं कुणालाही ऐकू गेलं नाही. खांबावर आग विझवायचं लाल सिलिंडर टांगलेलं होतं. तिने ते उपसलं, पिन ओढली आणि नळी थेट गर्दीत सोडली.

फस्स करून पांढरी पावडर उडाली. माणसं खोकत, डोळे चोळत, शिव्या देत मागे हटली. भुकटी खाली बसली तेव्हा तिचा भाऊ जमिनीवर मुटकुळं करून पडला होता, पिठात लोळवल्यासारखा पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर कानातून येणारं रक्त. ती त्याच्यापुढे उभी राहिली. सिलिंडर हातात तसंच.

"जो पुढे येईल त्याच्या डोक्यात घालीन," ती म्हणाली. "एकच विचारते. पेटीने खोटं पकडलं ना? मग तो काय खोटं बोलला?"

"म्हणजे काय?" टीमलीड खोकत म्हणाला.

"कुठलं वाक्य? कुठला शब्द? सांगा ना! ऐकलात ना तुम्ही सगळ्यांनी?"

"तो बोललाच नाही," मागून एचआरच्या बाई हळूच म्हणाल्या. "तोंडातून आवाजच नव्हता आला."

"मग अणू कुणाचे उलटे फिरले?"

सत्यगुरू सावरला. "मौन हेही असत्यच असतं, ताई! मशीनच्या कामात अडथळा आणू नका, उलट परिणाम होतील!"

"माझं कामच अडथळा आणायचं आहे," किरकिर म्हणाली. "नवं सॉफ्टवेअर हातात आलं की मी आधी त्यात काहीच भरत नाही. रिकामं ठेवते आणि बटण दाबते. काही न देता ज्याने उत्तर दिलं, त्याला उत्तर दुसरीकडून मिळतंय, एवढं कळतं."

तिने पायातला बूट काढला, पडलेली खुर्ची उभी केली आणि बूट माइकसमोर नीट बसवला, एखाद्या पाहुण्याला बसवावं तसा.

"हे काय चाललंय?" साहेब कडाडले. "तुला उद्यापासून—"

"उद्याचं उद्या, साहेब. आता श्श्! बूट बसलाय."

ते 'श्श्' तिने अगदी सत्यगुरूसारखंच केलं. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शांतता पसरली. तिने बटण दाबलं. दिवा हिरवा.

"बूट खरं बोलतोय," ती म्हणाली. "बिचारा निर्दोष आहे."

मग तिने सिलिंडर उचललं आणि खांबावर घातलं. ठण्ण! पुन्हा, ठण्ण!

दिवा लालभडक झाला.

"धरा बुटाला! आग त्याने लावली! मारा! बोटं मोडा त्याची! का, कुणी येत नाही का पुढे?" आता तिचा आवाज फाटला होता. "या पेटीला खरं कळत नाही, खोटं कळत नाही. तिला फक्त गोंगाट कळतो. शांत असलं की हिरवा, आरडाओरडा झाला की लाल. साहेब बसले, तुम्ही श्वास रोखलात, हिरवा! माझा भाऊ बसला, तुम्ही केकाटलात, लाल! आणि टाळ्या वाजायच्या आत हा पेटी बंद करत होता, नाहीतर साहेबच आगलावे ठरले असते. जो तुम्हाला आवडत नाही त्याच्यावर तुम्ही ओरडता, आणि पेटी तुमचंच ओरडणं तुम्हाला लाल करून दाखवते. काल त्या माणसाचा जबडा तुम्ही स्वतःच्या आवाजावर विश्वास ठेवून मोडलात!"

सत्यगुरू पेटीची वायर गुंडाळू लागला होता. घाईत असलेल्या माणसाकडे लोकांचं लक्ष लगेच जातं. "ए, थांब!" म्हणत कुणीतरी त्याची कॉलर धरली. नेटक्या मिशीवर ठोसा बसला, नाकातून रक्ताची धार लागली, पांढरे बूट घसरले. "आम्हाला फसवतो? मारा याला!" सगळे पुन्हा ओरडायला लागले. मघाचीच हेल्मेटं, मघाचीच केबल.

पेटी अजून चालू होती. दिवा पुन्हा लाल झाला.

"बघा, बघा!" टीमलीड हर्षाने किंचाळला. "लाल! हाच गुन्हेगार आहे!"

किरकिर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पेटीवर सिलिंडर आदळलं. काच फुटली, आत एक स्वस्तातला माइक आणि दोन वायरी निघाल्या. सत्यगुरूवर उगारलेल्या हातांसमोर ती एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी जाऊन उभी राहिली.

"याला पोलीस नेतील. हात लावायचा नाही. बाई, फोन करा."

एचआरच्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. बाईंनी तरीही फोन लावला.

पोलीस सत्यगुरूला घेऊन गेले. मोबाइलवरच्या शूटिंगमध्ये चेहरे स्वच्छ दिसत होते, त्यामुळे टीमलीड आणि आणखी काही जण त्याच्या मागोमाग गेले. साहेबांनाही बोलावणं आलं. पुढे बॅकअपवाला शुद्धीवर आला. त्याने सांगितलं की एक जुनी बॅटरी टम्म फुगून धुमसत होती, तीच विझवायला तो आत गेला होता. अग्निशमनवाल्यांनी तपासून तेच म्हटलं. म्हणजे आग कुणी लावलीच नव्हती. न घडलेल्या गुन्ह्याचे दोन गुन्हेगार त्या पेटीने शोधून दिले होते.

नेटवर्कवाल्याचा जबडा तारेने बांधलेला होता आणि त्याला नळीने पेज पाजत होते. शेजारच्या खाटेवर किरकिरचा भाऊ होता. उजव्या हाताची बोटं प्लास्टरमध्ये. उजव्या कानाने आता फारसं ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याच्या प्लास्टरकडे पाहून किरकिरला रडू यायचं आणि मग संताप यायचा. अडाणी माणसांनी केलं असतं तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. ही तर दिवसभर मशीनं बनवणारी माणसं. मशीन काय सांगतंय हे मानण्याआधी ते नेमकं काय मोजतंय, एवढं एक विचारायला कितीसा वेळ लागला असता? खोलीत शांत राहून, समोरच्याचं ऐकून घेऊन विचारायचं. एवढीच तर अक्कल हवी होती, आणि ती सगळ्यांकडे होती.

जबाब घ्यायला हवालदार आले. खुर्ची ओढून बसले. "हं, बोला. त्या दिवशी तुम्हाला काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं?"

भावाने तोंड उघडलं. मान ताठ झाली. डोळे मिटले. शब्द अडकला.

हवालदारांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, तुम्हीच सांगता का?"

तिचे ओठ हललेही. मग तिने ते मिटून घेतले आणि नाही म्हणून मान हलवली. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. पलीकडच्या खाटेवरून नेटवर्कवालाही टक लावून बघत होता. वेळ गेला, तो जाऊ दिला.

"म-मला कुणी वि-विचारलंच नाही," भाऊ म्हणाला. "त्यांनी पे-पेटीला विचारलं."

हवालदारांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.