दुपारपाळी

कोर्टाने पाठवलेल्या बाईंनी कागदावरचा अकरावा प्रश्न वाचला. "लहानपणी प्राण्यांना त्रास द्यायचा का?"

"मांजर पाळलं होतं त्याने," आई म्हणाली.

"मग? काय झालं त्या मांजराचं?"

"म्हातारं होऊन मेलं."

बाईंनी 'नाही'पुढे खूण केली. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. या आईच्या मुलाने गोदामाच्या मुकादमाला लोखंडी पहारीचे नऊ घाव घातले होते. गुन्हा शाबीत झाला होता. आता फाशी की जन्मठेप हे ठरवण्याआधी कोर्टाला जाणून घ्यायचं होतं, की माणूस असा होतो कसा. आईलाही तेच जाणून घ्यायचं होतं. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेजारणींना मात्र उत्तर केव्हाच सापडलं होतं. खाण तशी माती, म्हणे.

वकिलाने तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "बालपण चांगलं गेलं म्हणालात, तर पोरगा हातचा जाईल. वडिलांचं काहीतरी सांगा. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

फरक तिला पडत होता. नवरा घरीच घड्याळं दुरुस्त करायचा. गाईसारखा गरीब माणूस. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याचा आवाज कधी भिंतीपलीकडे गेला नाही. अशा माणसाला त्याच्या माघारी काळं फासायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. त्यात तिच्या बाजूला तिची मुलगी बसलेली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि खोटं बोलणं पोरीला जमतच नाही, असं आई चारचौघांत कौतुकाने सांगत आली होती. आज त्याच कौतुकाची तिला धास्ती वाटत होती. सकाळीच तिने बजावलं होतं, मी बोलेन, तू नुसती मान हलव. मुलीने तेव्हाही मान हलवली नव्हती.

"घरात मारहाण?" बाईंनी विचारलं.

आईने टेबलावरच्या कापडाचा कोपरा दुमडला, पुन्हा दुमडला. इस्पितळाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेले हात होते ते, रिकामे राहत नसत.

"हे मारायचे त्याला," ती म्हणाली. "पट्ट्याने."

मनातल्या मनात तिने नवऱ्याची माफी मागितली.

"कशासाठी?"

"कशासाठीही. काही फुटलं, सांडलं..."

"पट्टा नव्हता, आई," मुलगी म्हणाली.

हरिश्चंद्राची अवलाद, भावाचा जीव घेणार ही. आईने टेबलाखालून मुलीचा गुडघा दाबला. मुलीने गुडघा बाजूला घेतला.

"बाबा पट्टा लावतच नसत," ती बाईंना म्हणाली. "ते कामाला बसले की त्याला समोर उभं करायचे. दोन्ही हात पुढे. समोरच्या घड्याळात अर्धा तास होईपर्यंत. हात खाली आला की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. रडला तर कामाच्या चिमट्याने दंडाची आतली कातडी धरायचे. ओरडायचे नाहीत. काम चालूच असायचं."

"कधी?" हा प्रश्न बाईंनी नाही, आईने विचारला.

"तुझी दुपारपाळी असायची तेव्हा."

आईला मुलाच्या दंडावरचे बारीक निळे डाग आठवले. ढेकूण झाले असतील म्हणून तिने सगळ्या गाद्या उन्हात घातल्या होत्या. नवऱ्याने स्वतः त्या गच्चीवर नेऊन दिल्या होत्या, एकेक करून, न कुरकुरता. आणि त्याच माणसाबद्दल खोटं बोलावं लागणार म्हणून ती दोन दिवस धड जेवली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

बाईंचं पेन आता भराभर चाललं होतं. पान उलटून त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हालाही उभं करायचे?"

"नाही."

"मुलगी म्हणून?"

"बाबा आधी विचारायचे, कोणी केलं." फळ्यावरचं गणित समजावून सांगावं इतका तिचा आवाज सरळ होता. "मी त्याचं नाव सांगायचे. मी केलेलं असलं तरी."

"आणि तो? तो काय म्हणायचा?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "हात पुढे करायचा."