माझ्या कळांखालचा चहा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला माणसांच्या हातांची किळस येते. तुम्ही माझ्यासमोर बसून खाता, नखं कुरतडता, शिंकता, आणि त्याच बोटांनी माझ्या कळा दाबता. माझ्या फटींत डोकावलात तर केस दिसतील, बिस्किटांचा चुरा दिसेल, एखादा नखाचा तुकडाही सापडेल. तो कुणाचा ते मला माहीत आहे, पण राहू द्या.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. पांढरे हातमोजे घातलेल्या कामगारांनी मला जोडलं. नाकातोंडावर फडकं बांधल्याशिवाय तिथे कुणाला आत सोडत नसत. खोक्यात बंद होताना मला वाटलं, सगळं जग असंच स्वच्छ असणार. भोळाच होतो मी.

मला घरी आणलं ते या घरच्या लेकीने. ती दातांच्या कवळ्या घडवते. एका दवाखान्याच्या मागच्या कोंदट खोलीत तिचं काम चालतं आणि संध्याकाळी ती प्लास्टरची पांढरी धूळ खोकत घरी येते. नव्याचे नऊ दिवस तिच्या आईने मला मऊ फडक्याने पुसलं. पाहुणे आले की ती म्हणायची, "हा आमच्या लेकीचा उजवा हात." ऐकून मी फुगून जायचो. पुढे कौतुक सरलं आणि घरात माझं नाव 'डबडं' पडलं. ती मला कामावर सोबत न्यायची. माझ्या पडद्यावर दिवसभर परक्यांच्या हिरड्या आणि किडके दात असत, आणि तेसुद्धा माझ्या कळांपेक्षा स्वच्छ असत. लेक मात्र एकेका दाताचं चित्र फिरवून फिरवून बघायची, कारण त्या दातांनी कुणातरी म्हाताऱ्याला पुन्हा जेवता यायचं होतं. तिच्या त्या चिकाटीसाठी मी बाकी सगळं सोसत आलो.

या घराची एक रीत आहे. इथे कुणाच्या हातून काही बिघडत नाही. कप फुटतो तो आपोआप, नळाची तोटी तुटते ती आपोआप, चष्म्याची काडीसुद्धा झोपेत आपली आपणच वाकते. वस्तू पुसायची, जागच्या जागी ठेवायची आणि मूग गिळून बसायचं. लेकीचे बाबा या विद्येत सगळ्यांचे गुरू आहेत.

एकदा लेकीला दुसऱ्या गावच्या मोठ्या कवळी-कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे हवेशीर जागा होती, नवी यंत्रं होती आणि शिकवणारी माणसं होती. कितीतरी अर्ज केल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं. मुलाखत सकाळी, घरूनच, माझ्यावरून द्यायची होती, कारण तिच्या कामाची सगळी चित्रं माझ्यात होती. आदल्या दुपारी तिने रजा काढून माझ्यासमोर बसून सराव केला. शेजारी कॉफीचा कप होता. त्या कपातला थेंबही बाहेर पडला नाही, याला मी साक्षी आहे.

संध्याकाळी बाबा माझ्यावर पत्ते खेळायला बसले. हातात भरपूर साखर घातलेला चहा. बिस्किट बुडवलं, ते मोडून कपात पडलं. ते बोटांनी बाहेर काढायला गेले आणि कप कलंडला. चहा बिस्किटाच्या लगद्यासकट माझ्या वरच्या रांगेत शिरला. बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग पायातला मोजा काढून मला वरवर पुसलं, झाकण मिटलं, आणि तोच ओला मोजा पुन्हा पायात चढवला. मित्रांनो, मोज्याने पुसलं त्यांनी मला. त्या वासाबद्दल मी काही सांगत नाही.

सकाळपर्यंत चहा आटला आणि पाक उरला. माझ्या वरच्या रांगेत विमानाचं चित्र असलेली एक कळ आहे. ती दाबली की माझं वायफाय बंद होतं. नेमकी तीच कळ दबून तशीच चिकटून बसली.

लेकीने मला उघडलं, तर इंटरनेट नाही. तिने पडद्यावरून वायफाय सुरू केलं, त्या कळेने लगेच बंद केलं. तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. घरच्या वायफायचं नाव पुसून पासवर्ड नव्याने घातला. शेवटी तिने मलाच माझा बिघाड शोधायला लावलं. मी बराच वेळ 'शोधत आहे' असं दाखवलं आणि मग जाहीर केलं, 'कोणतीही समस्या आढळली नाही'. पोटात चहा मुरला असताना मी हे म्हणालो. तेव्हा मला स्वतःचीही किळस आली.

"राऊटरचंच काहीतरी असेल," आई म्हणाली आणि चपलांच्या कपाटावरून तो धुळीने माखलेला गरीब जीव उचलून आणला. एवढ्यात वरच्या मजल्यावरून मामा आले. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री आहे.

"मामा, माझ्या फोनवर वायफाय नीट चालतंय," लेक म्हणाली. "राऊटर ठीक आहे. बिघाड लॅपटॉपमध्येच आहे."

"फोनचं वेगळं असतं गं," म्हणत मामांनी राऊटरच्या बारीक भोकात पिन खुपसली आणि दाबून धरली. राऊटर आपलं नाव, पासवर्ड, सगळं विसरला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि आता फोनचंही वायफाय गेलं.

लेकीने मुलाखत घेणाऱ्या कारखान्यातल्या बाईंना फोन केला. त्या पाव तास थांबायला तयार झाल्या. मग तिने सगळ्यांकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "यावर कुणाकडून काही सांडलं होतं का? मी रागावणार नाही. फक्त सांगा, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल."

"मी तर त्याला हातसुद्धा लावत नाही," आई म्हणाली.

"मी आत्ताच आलोय," मामा म्हणाले.

"बाबा, तुम्ही?"

"मी कशाला काय सांडू?" बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "जुनं झालंय ते डबडं. जातं असं आपोआप."

ती पुन्हा माझी एकेक सेटिंग चाळू लागली. पाव तास सरत आला तेव्हा विमानाच्या कळेखालून एक मुंगी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी, मग रांगच लागली. लेकीने केसांतली पिन काढून ती कळ उचकटली. खाली तपकिरी चिकटा, त्यात रुतून मेलेल्या मुंग्या आणि मऊ लगदा. आईने "शी" म्हणून तोंड फिरवलं. लेकीने ओल्या फडक्याच्या टोकाने ते सगळं निपटून काढलं, कळ बसवली, आपल्या मोबाइलचं इंटरनेट मला जोडलं, आणि मी तत्काळ जोडला गेलो.

पडद्यावर कारखान्यातल्या बाई दिसल्या. "पुढच्या उमेदवाराची मुलाखत सुरू झाली आहे," त्या म्हणाल्या. "माफ करा, आता आज जमणार नाही, आणि निवड आजच करायची आहे."

"चूक माझीच आहे," लेक म्हणाली. पडदा मिटल्यावर ती आईला म्हणाली, "काल मीच इथे कॉफी घेऊन बसले होते. माझ्याच हातून उडाली असणार."

वर्तमानपत्र खाली आलं. मला वाटलं, आता बाबा बोलतील. ते बोललेही. म्हणाले, "होतं असं. यापुढे जपत जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कळांवर घालायला एक पारदर्शक आवरण आणलं. "बाबा, किती काळजी करता माझी," लेक म्हणाली, आणि त्या माणसाने ते ऐकून घेतलं. मुंग्या पोटात फिरल्या तेव्हाही मला इतकी घाण वाटली नव्हती.

मित्रांनो, मला रोज पुसा असा माझा हट्ट नाही. चुरा मी सोसेन, केसही सोसेन. पण काही सांडलं तर ते त्याच वेळी, तोंड उघडून सांगा. चहा पुसता येतो. लेक अजून त्याच कोंदट खोलीत खोकत काम करते. आता ती माझ्यासमोर पाण्याचा पेलासुद्धा ठेवत नाही, आणि बसण्याआधी दर वेळी हात धुऊन येते.